चित्रात काळा रंग दिसला की काय समजायचं? समुपदेशनात चित्र आणि माती वापरण्याविषयी

खारेवारे यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यात एका छोट्या संस्थेत समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं मच्छीमार घरांतली, थोडी बागायतदार, आणि शाळांतून शिक्षकांनी पाठवलेली मुलं.

अडचण अशी की बोलणं पुढे सरकतच नाही. "कसा काय?" विचारलं की "सगळा बरा आसा" एवढंच उत्तर येतं, आणि मग दोघंही पंख्याकडे बघत बसतो. खुर्चीत समोरासमोर बसून पाऊण तास स्वतःविषयी बोलायचं, ही रीतच इथे कुणाच्या अंगवळणी नाही. तीच बाई मागच्या पडवीत कोळंबी सोलत असली तर न विचारता सगळं सांगते. पुरुषांचं तेच. जाळं दुरुस्त करायला बसले की बोलतात, माझ्या खोलीत आले की गप्प. हात कामात असले की जीभ सुटते, हे मी इतक्यांदा बघितलंय की समुपदेशनातही हाताला काहीतरी काम द्यावं असं मनाने घेतलं. म्हणून आर्ट थेरपीच्या एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले.

तिथे आम्हाला एक तक्ता मिळाला. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, घराला खिडक्या नसतील तर एकटेपणा, झाडाच्या खोडाला ढोली असेल तर जुना आघात. असं बरंच.

त्यानंतर पाचवीतला एक मुलगा आला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वर्गात बोलत नाही म्हणून बाईंनी पाठवलेला. मी त्याला तेलखडू दिले. त्याने अख्खा कागद काळा केला. इतका दाब देऊन की खडूचे तुकडे झाले, आणि मग नखाने खरवडून त्यावर पिवळे ठिपके काढले. तक्त्याप्रमाणे निदान सोपं होतं. मी त्याला हे काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "रातचो दर्या. आणि ते एलईडीवाले." त्याच्या बाबांची छोटी होडी आहे. बाहेर मोठ्या बोटींचे, मासे ओढून घेणारे एलईडी दिवे लागले की बाबा सकाळी रिकामे येतात आणि मग घरात कुणी कुणाशी बोलत नाही, हे त्याने तो काळा रंग घासता घासता सांगितलं.

म्हणजे काळा रंग हा नुसता रात्रीचा समुद्र होता. पण दुःखही तिथेच होतं, फक्त तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

अशा तक्त्यांना काही आधार आहे का? मोठी माणसं "माका चित्र काढूक येना नाय" म्हणून हात मागे घेतात, त्यांचं काय करायचं? कुणाला कोणतं साहित्य द्यायचं हे कसं ठरवतात? आणि दोन दिवसांच्या शिक्षणावर मी हे करावं की करू नये? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा. इथे जवळपास विचारायला कुणी नाही.

---

चितारआळी यांचा प्रतिसाद:

ताई, तो तक्ता फाडून टाका. मुलाला विचारल्याशिवाय काहीही गृहीत न धरणं हेच या कामाचं मूळ आहे आणि ते तुम्ही आधीच केलंत.

मी ऑक्युपेशनल थेरपी शिकले, पुढे आर्ट थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, बरीच वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलं आणि आता सावंतवाडीत असते. तक्त्यांचा मला राग आहे, कारण त्यातून माणसांवर शिक्के बसलेले मी बघितलेत. हे तक्ते येतात कुठून, तर जॉन बक यांनी 1948 मध्ये मांडलेली घर-झाड-माणूस चाचणी आणि त्यानंतर वर्षभरात आलेली कॅरेन मॅकओव्हर यांची माणसाच्या चित्राची चाचणी, यांच्यातून सुटलेले ते तुकडे आहेत. पुढे दशकानुदशकं या खुणा तपासल्या गेल्या. चित्रातली एक खूण म्हणजे मनातली एक गोष्ट, असा मेळ भरवशाने लागत नाही. खिडकी नसते कारण मुलाला कंटाळा आला, किंवा तास संपला. आणि लाल म्हणजे राग? आपल्याकडे घर चिऱ्याचं, वाट लाल, अंगण लाल, पावसात व्हाळाला येणारं पाणीसुद्धा लाल. इथल्या मुलाच्या चित्रात लाल येणारच.

मग चित्राचा उपयोग काय? यावर या क्षेत्रात सुरुवातीपासून दोन मतं आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाची आहेत. अमेरिकेतल्या मार्गारेट नॉमबर्ग म्हणत की जे शब्दांत येत नाही ते चित्रात येतं, आणि त्याचा अर्थ ज्याने चित्र काढलं त्यानेच सांगायचा. एडिथ क्रेमर यांचा भर दुसरीकडे होता. त्यांच्या मते करण्यातच उपचार आहे. नाझींपासून पळून प्रागमध्ये आलेल्या निर्वासितांच्या मुलांबरोबर त्या चित्रं काढत, पुढे 1938 मध्ये त्यांना स्वतःलाच न्यूयॉर्क गाठावं लागलं. सगळं हातातून गेलेल्या मुलाला कागदाच्या चार कडांच्या आत तरी आपल्या मनासारखं काही घडवता येतं, हे त्यांनी बघितलं होतं. जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या मुलांबरोबर बसताना मला क्रेमर फार आठवल्या. ती मुलं पूर काढतील असं मला वाटलं होतं. बरीचशी मुलं दप्तर काढत होती. वह्या, कंपास, पाण्याची बाटली, एकेक वस्तू नीट. गेलेल्या वस्तूंची ती यादी होती. त्यावर मी काही बोलायची गरजच नव्हती, रंग कमी पडू न देणं एवढंच माझं काम होतं.

विचारायचं कसं, यावर मात्र मेहनत घ्या. "हे काय आहे?" हा प्रश्न परीक्षेसारखा लागतो. "मला यातलं सांगशील?" असं म्हणा. "इथे तू फार जोर लावलायस" असं जे दिसतंय ते तेवढंच सांगा. "यानंतर काय होतं?" विचारा. आणि "छान" म्हणायचं नाही, हे सगळ्यांत कठीण. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडवर वाढलेल्या पिढ्या आहेत. एकदा छान म्हटलंत की पुढचं चित्र तुम्हाला आवडावं म्हणून काढलं जातं.

मोठी माणसं हात मागे घेतात तेही त्याच ग्रेडमुळे. त्यांना चित्र काढायला सांगूच नका. जुनी कॅलेंडरं, रविवारच्या पुरवण्या द्या, फाडून चिकटवायला सांगा. बायकांना रांगोळी द्या, ठिपक्यांचा कागद द्या. किंवा डोळे मिटून नुसत्या रेघोट्या मारायला सांगा, मग कागद फिरवून त्यात काही दिसतं का ते शोधायचं. ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यात चुकण्यासारखं काही नसतं.

आता साहित्य. 1978 मध्ये कागिन आणि लुसेब्रिंक यांनी एक मांडणी केली, तीत साहित्याकडे बघण्याची एक साधी दृष्टी आहे: ते हाताला किती विरोध करतं आणि किती वाहतं. पेन्सिल, स्केचपेन, कात्रीने कापलेला घोटीव कागद हे ताब्यात राहणारं साहित्य. तेलखडू मधले. जलरंग आणि ओली माती वाहणारी, भावना झपाट्याने वर आणणारी. जो माणूस आधीच आतून सुटत चाललाय, झोप उडालीय, भास होतायत, त्याला पहिल्याच दिवशी ओले रंग देऊ नका. त्याला पेन्सिल द्या, लहान कागद द्या, आखलेला चौकोन द्या. उलट जो गच्च मिटून बसलाय त्याला पेन्सिलीवरून हळूहळू ओल्याकडे न्या, घाई न करता. आपल्या हवेचाही विचार करा. जुलै-ऑगस्टात जलरंग वाळत नाहीत, कागद दमट असतो, रंग पसरत जातो. ज्या बाईच्या हातून आधीच सगळं निसटलंय तिच्यासमोर तिचं चित्र असं विरघळणं बरं नाही. पावसाळ्यात मी तेलखडू आणि कात्रणंच वापरते.

मातीविषयी आपल्या भागापुरतं एक सांगते, पुस्तकांत हे मिळणार नाही. कुडाळ-सावंतवाडीकडच्या माणसाच्या हातात मातीचा गोळा दिला की पुष्कळदा पहिल्यांदा गणपती होतो. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, लहानपणी सगळ्यांनीच लुडबुड केलेली असते, हात आपोआप सोंडेकडे वळतात. त्यात आधार असतोच, पण तास संपल्यावर त्या मूर्तीचं काय करायचं? प्राणप्रतिष्ठा झालेली नाही म्हणून ती नुसती माती, हे डोक्याला पटतं, पण मोडायला हात धजत नाही. एका माणसाच्या घरात वर्षभरात मृत्यू झाला होता आणि त्या साली त्यांनी गणपती आणला नव्हता. त्याने माती मळता मळता मूर्ती केली आणि मग ती तशीच धरून खूप वेळ रडला. मी ती कधीच परस्पर हलवत नाही. घरी न्यायची, इथे ठेवायची की बादलीत पाण्यात सोडायची, हे ज्याने केली त्याने ठरवायचं, आणि तसं ठरवता येणं हाही उपचाराचाच भाग आहे.

पिंगुळीची चित्रकथी तुम्हाला माहीत असेलच. ठाकर समाजाची परंपरा, परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. एकेक चित्र समोर धरायचं आणि कथा सांगायची. मी तिच्यातून एवढंच घेतलं की माणसाने आपली तीन-चार चित्रं ओळीने ठेवायची आणि एकेक उचलून "एक होता" अशी सुरुवात करायची. 'मी' म्हणताना जो आवाज अडतो, तो 'तो' म्हणताना चालतो. मात्र याला चित्रकथी म्हणू नका. ती त्या समाजाची कला आहे. तुमच्या संस्थेत ती दाखवायची असेल तर कलावंतांना मानधन देऊन बोलवा.

शेवटची पंधरा मिनिटं आवरायला ठेवा. हात धुणं, खडू डब्यात भरणं, चित्र पाकिटात घालणं, पाणी पिणं. वर आलेलं दुःख तसंच उघडं टाकून कुणालाही शेवटच्या एसटीत बसवायचं नाही.

तुम्ही हे करावं का? करा. पण स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका. ब्रिटनमध्ये ते कायद्याने राखलेलं पदनाम आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. तुम्ही कला वापरणाऱ्या समुपदेशक आहात, तसंच सांगा.

---

ओपीडीतून यांचा प्रतिसाद:

मी रत्नागिरीत मानसोपचारतज्ज्ञ आहे. चितारआळी ताईंशी बहुतांशी सहमत. फक्त पुराव्याविषयी थोडं लिहितो, कारण हल्ली "चित्र काढा, नैराश्य घालवा" छापाचे मेसेज फिरतात आणि त्यामुळे लोक गोळ्या बंद करतात.

स्किझोफ्रेनियासाठी गटाने आर्ट थेरपी देऊन ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली, मॅटिस नावाची. 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. 417 रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून आर्ट थेरपी दिली, तरी दोन वर्षांनी रुग्णांच्या एकूण कार्यक्षमतेत किंवा लक्षणांत फरक दिसला नाही. त्यात बरेच रुग्ण गटाला फारसे आलेच नाहीत, हेही खरं. म्हणून मी त्याचा अर्थ "निरुपयोगी" असा लावत नाही. ज्याला त्यात रस आहे त्याला द्यावी, सरसकट सगळ्यांना चिठ्ठीवर लिहून देऊ नये, असा लावतो. दुसऱ्या बाजूला 2016 मधला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो: 39 निरोगी प्रौढांनी 45 मिनिटं कलाकाम केलं आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. चांगलं आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ही माणसं रुग्ण नव्हती. त्यावरून आजार बरा होतो असं म्हणता येत नाही.

तुमच्या समोरचा माणूस जीव देण्याविषयी बोलला, चित्रातून किंवा तोंडाने, तर चित्र बाजूला ठेवून सरळ विचारा. विचारल्याने ती इच्छा वाढत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. तुम्हाला ओरोसचं जिल्हा रुग्णालय जवळ पडेल, आमच्याकडे रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो क्रमांक तुमच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

---

वावभरपाणी यांचा प्रतिसाद:

मी डॉक्टर नाही की शिक्षक नाही. बोटीवर होतो. वादळात आमची बोट खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर गेली आणि आमचा एक खलाशी गेला. त्यानंतर मी दर्यावर गेलो नाही, झोपायचो नाही, घरात कुणाशी नीट बोलायचो नाही. बायकोने जबरदस्तीने नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि समुपदेशन पण.

त्या मॅडमनी "काय वाटतं" विचारलं की मला राग यायचा. एक दिवस त्यांनी कागद-पेन्सिल पुढे ठेवली आणि म्हणाल्या, ती जागा मला माहीत नाही, काढून दाखवा. ते मला जमण्यासारखं होतं. मी किनारा काढला, दीपगृह काढलं, खडप काढलं, कुठे किती वाव पाणी (वाव म्हणजे आमचं खोलीचं माप) ते लिहिलं, वारा कुठून होता ते दाखवलं. काढल्यावर वाटलं चुकलंय. पुढच्या वेळी परत काढलं. किती कागद झाले असतील सांगता येत नाही. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की आता पुरे, तेच तेच काय काढता.

मला आत काय खात होतं, तर मी त्याच्यापर्यंत पोचलो असतो. हात लांब केला असता तर मिळाला असता. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. नकाशा बरोबर जमला त्या दिवशी मी त्यावर तो कुठे होता आणि मी कुठे होतो ते टाकलं, मधलं अंतर मोजलं, लाटेची दिशा बघितली. पोचणं शक्यच नव्हतं. त्या मॅडमनी तोंडाने हजारदा सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. दर्याचं गणित मला कळतं म्हणून मानलं.

माझ्या गोळ्या अजून थोड्या चालू आहेत. मी आता जेटीवर बर्फाचं काम बघतो. खारेवारे ताई, आमच्या माणसांना फुलं-पानं रंगवायला देऊ नका, अपमान वाटतो. बोट काढायला सांगा, जाळ्याची वीण काढायला सांगा, माशांच्या जागा काढायला सांगा. ज्याच्यात त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं ते सांगा.

---

खारेवारे:

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. वावभरपाणी दादा, तुम्ही लिहिलंत ते मी परत परत वाचतेय. तुमची परवानगी असेल तर नाव-गाव न सांगता आमच्या संस्थेतल्या इतरांना वाचून दाखवीन.

एक नवीनच प्रश्न उभा राहिलाय. त्या मुलाच्या बाबांना कळलं की पोराने काहीतरी चित्र काढलंय आणि ते बघायला मागतायत. शिवाय शाळा म्हणते, 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे, तुमच्याकडच्या मुलांची चित्रं फलकावर लावू. शाळेशी संबंध बिघडवून मला चालणार नाही.

---

चितारआळी:

शाळेला नाही म्हणा, पण पर्याय देऊन. त्या दिवशी सगळ्या वर्गाला एक विषय देऊन चित्रं काढून घ्या आणि ती लावा. समुपदेशनाच्या खोलीतला कागद त्या खोलीबाहेर जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तुमच्याकडे आलेला मुलगा रुग्ण नसला तरी तुम्ही पाळायचं ते तेच. नाव झाकून फोटो ग्रुपवर टाकणं हेसुद्धा नको. तुमच्या तालुक्यात काळा दर्या आणि पिवळे दिवे कुणाच्या मुलाने काढले हे ओळखायला लोकांना वेळ लागणार नाही.

बाबांचं वेगळं आहे. ते पालक आहेत, त्यांना दारातून परत पाठवू नका. आधी मुलाला विचारा: बाबांना दाखवायचं का, किती दाखवायचं, तू असताना की नसताना. मग बाबांना बोलवा आणि मुलाला स्वतःच दाखवू द्या. तुम्ही अर्थ सांगायचा नाही. माझ्या अनुभवात मुलं बहुतेकदा हो म्हणतात. तो नाही म्हणाला तर बाबांना चित्राऐवजी एवढंच सांगा की घरातली शांतता त्याला जाणवते आणि त्याला तुमची काळजी वाटते. हे सांगायलाही त्याची संमती घ्या.

गोपनीयतेला एक मोठा अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवा. चित्र काढताना मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे गोपनीयता आड येत नाही. नुसत्या चित्रावर विसंबू नका, मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच भाषेत, त्याच दिवशी लिहून ठेवा. खोदून विचारू नका, ते काम दुसऱ्यांचं आहे. 1098 वर मुलांसाठी मदत मिळते.

चित्रं सपाट ठेवा, प्रत्येक दोन कागदांमध्ये बटर पेपर, कारण तेलखडू आपल्या उन्हाळ्यात चिकटतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पेटारा घ्या, लोखंडी कपाटात गंज आणि बुरशी दोन्ही येतात. पाकिटावर नाव लिहू नका, क्रमांक लिहा, आणि क्रमांकांची वही वेगळ्या कुलपात. समुपदेशन संपेल तेव्हा चित्रं त्या माणसाला परत द्या, किंवा त्याच्यासमोर त्याच्या सांगण्याप्रमाणे नष्ट करा.

आणि एकट्याने हे काम करू नका. आम्ही काही जणी महिन्यातून एकदा कुडाळला बसतो, आपापल्या अडचणी एकमेकींसमोर ठेवतो. व्यक्तिगत निरोपात तुमचा नंबर पाठवा, पुढची तारीख कळवते. त्या मुलाचं चित्र मात्र आणू नका. तुम्ही शब्दांत सांगा, तेवढं पुरतं.